नाकात बोलणारा सूर

“हे स्थळ मला पसंत नाही,” अंबूमावशी म्हणाल्या आणि पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी पदराने ओठ टिपले.

“आता ह्याच्यात काय खोट काढलीत?” मी विचारलं.

“खोट सापडत नाही, हीच खोट. मुलगा पहिल्याच भेटीत इतका गोड बोलायला लागला की समजावं, घरी काहीतरी झाकून आलाय.”

मुलगा जर्मनीचा होता. करंगळीएवढा, काचेचा, पोटात नारिंगी उजेड घेऊन उभा. शेजारी त्याचा जुळा भाऊ. ह्या दोघांसाठी मी पुण्याच्या एका गृहस्थांना इतके फोन केले होते की शेवटी शेवटी ते माझा आवाज ऐकला की बायकोच्या हातात रिसीव्हर द्यायचे.

“मावशी, लोक ह्या जोडीसाठी जीव टाकतात,” मी म्हटलं.

“टाकू देत. आपल्याला मुलगी द्यायचीय, जीव नाही.”

स्वयंपाकघरातून माझ्या सासूबाई हसल्या. मी मात्र बटण बंद केलं आणि व्हॉल्व्ह गार व्हायची वाट बघत बसले. काच तापलेली असताना हात लावला तर बोटाचं साल निघतं, आणि माझी दोन बोटं आधीच सोलपटलेली होती.

आता हे सगळं काय चाललं होतं ते सांगते. मी तेव्हा बार्शीला मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायचे. बायका स्वेटर विणतात, तसं मी घरी सोल्डरिंग करायचे. आमचे हे, म्हणजे सदानंद, लाकडाची वखार चालवायचे. रेकॉर्डची सुई जो आवाज उचलते तो फार बारीक असतो, मुंगीने कानात सांगितल्यासारखा. तो आधी मोठा करून मगच अॅम्प्लिफायरला द्यावा लागतो. ते मोठं करणारं एक मशीन मी स्वतः बनवलं होतं आणि ह्यांनी त्याला सागवानाची पेटी करून दिली होती. मशीनच्या डोक्यावर दोन व्हॉल्व्ह उघडेच उभे असायचे. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी वापरलाय त्यांना ते काचेचे दिवे आठवतील. त्यात गंमत अशी की ते खोबणीतून उपटून दुसऱ्या बनावटीचे बसवले, की तीच रेकॉर्ड वेगळी वाजते. एक गोड वाजवतो, एक कोरडं, एक लांबून हाक मारल्यासारखं. कुठला बसवायचा ह्यावर माणसं भांडतात. आमच्या घरात ते ठरवायचं काम अंबूमावशींकडे होतं, कारण रेकॉर्ड त्यांची होती.

त्यांची म्हणजे त्यांनी गायलेली.

अंबूमावशी माझ्या सासूबाईंची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी. त्यांचे वडील केशव सुतार एका नाटक कंपनीत पडदे आणि महाल बांधायचे, उरलेल्या वेळात बाजाच्या पेट्या बनवायचे, आणि वाजवायचेही. अंबू सोळा वर्षांची असताना ते तिला मुंबईला घेऊन गेले आणि तिचं एक भावगीत रेकॉर्ड झालं. दुसऱ्या बाजूलाही तीच गाणार होती, पण पहिली बाजू झाल्यावर बर्फाचा गोळा खाऊन तिने घसा बसवून घेतला. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, बाजू रिकामी कशी सोडायची, तर तुम्हीच वाजवा काहीतरी. म्हणून मागच्या बाजूला केशव सुतारांची पेटी.

रेकॉर्ड छापून येईपर्यंत अंबूचं लग्न होऊन ती कुर्डुवाडीला सासरी गेली होती. तिथे पाहुणे जमलेले असताना रेकॉर्ड भोंग्याच्या ग्रामोफोनवर लावली गेली. गाणं संपलं तेव्हा सासरे म्हणाले, “ही सूनबाई गातेय का मांजराच्या शेपटीवर कुणाचा पाय पडलाय?” सगळे हसले. अंबूही हसली. ती रेकॉर्ड नंतर कुणी नेली, कुठे गेली, तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून ती गायली नाही. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायच्या, पाळणा नुसता हलवायचा. लेकीला झोपवतानासुद्धा गाणं म्हटलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, “माझा आवाज किनरा आहे बाई.” रंग सावळा आहे म्हणावं इतक्या सहज म्हणायच्या.

पन्नासहून जास्त वर्षांनी, त्या श्रावणात, सोलापूरच्या जुन्या बाजारात बादल्यांच्या आणि कुलपांच्या मधे मला ती रेकॉर्ड सापडली. लेबलवर ‘कु. अंबू सुतार’ वाचलं आणि मी तिथेच उकिडवी बसले.

मला वाटलं होतं, मावशींना आनंद होईल. त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, लेबलवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “लावू नकोस.”

“का हो?”

“त्या दिवशी भोंग्यातून ऐकली होती. भोंग्यातून घोड्याचा आवाजही किनरा येतो. इतकी वर्षं मी मनाची तीच समजूत घालत आलेय, की दोष भोंग्याचा असेल. आता तुझ्या ह्या मशीनवर ऐकली आणि तरी किनराच निघाला, तर समजूतही गेली.” मग म्हणाल्या, “पण ऐकायचं तर आहेच. भिलाईला जायच्या आधी. तू मशीन असं कर की त्याच्यावर विश्वास टाकता येईल. मग एकदाच ऐकेन, आणि काय ते खरं मानेन.”

भिलाईला त्यांची लेक होती. मावशींना आता एकटं राहणं झेपत नव्हतं. जावई तुळशीच्या लग्नाला न्यायला येणार होते, आणि पुन्हा बार्शी दिसेल याची खात्री नव्हती. म्हणजे माझ्या हातात तोवरचेच दिवस होते, आणि एका बाईचा आवाज कसा होता ह्याचा निकाल मला एका काचेच्या दिव्यावर लावायचा होता.

खरं वाजवणारा व्हॉल्व्ह ओळखायचा कसा, हा पहिला प्रश्न. तो मावशींनीच सोडवला.

“मागची बाजू लाव,” त्या म्हणाल्या. “बाबांची पेटी मी रोज ऐकलीय. मधल्या सप्तकातला कोमल निषाद नाकात बोलायचा तिचा. बाबांनी त्या सुराची पितळी पट्टी स्वतः कातली होती, जरा जाड राहिली. घासायला घेतली की आई म्हणायची, राहू द्या, लग्नात माझंही नाक असंच होतं. तो निषाद ज्याच्यातून नाकात ऐकू येईल ते स्थळ खरं. जो त्याला सरळ करून दाखवेल तो लबाड.”

तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम. सासूबाई कांदेपोहे करायच्या, मावशी पलीकडच्या आळीतून नऊवारीची घडी मोडून यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, “आणा मुलाला.” मी जोडी बसवायची. पेटीची बाजू वाजायची. गाण्याच्या बाजूला सुई लागली नव्हती, स्थळ ठरेपर्यंत लागणारही नव्हती.

पहिली आली होती रशियन जोडी. दणकट, स्वस्त, आवाज भरदार. मी खूश होते. मावशींनी उठून व्हॉल्व्हच्या डोक्यावर पेन्सिलीने हलकी टिचकी मारली. स्पीकरमधून ‘टंण्ण’ असा आवाज आला आणि रेंगाळला.

“कुंभाराकडे मडकं असं वाजलं तर घेशील?” त्यांनी विचारलं.

मला फिजिक्सच्या पुस्तकात ह्याला काय म्हणतात ते ठाऊक होतं, पण बाई मडक्यावरून तिथे पोचल्या होत्या. रशियन जोडी परत डब्यात गेली.

दुसरी ही जर्मन. तिच्यातून पेटी वाजली तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सायीसारखा आवाज. खरखर मागे गेलेली, सूर पुढे आलेले. कोमल निषाद आला आणि गेला, सभ्य माणसासारखा. नाकात वगैरे काही नाही.

“बघितलंस?” मावशी म्हणाल्या. “बाबांची पट्टी घासून ठेवली त्याने. कुणी सांगितलं होतं?”

संध्याकाळी मावशी गेल्यावर मी भांडी पुसत होते. सासूबाई ताटं लावता लावता हळूच म्हणाल्या, “उज्ज्वला, तेच घाल.”

“काय?”

“ते जर्मनच. अक्काला काय दिसतंय कुठलं घातलंय ते? सगळ्या दिव्यांचे चेहरे सारखे. त्याच्यातून गोड वाजतं ना? मग वाजू दे की गोड.”

“आई, पण त्यांनी खरं ऐकायचं म्हटलंय.”

“ती म्हणेल. तिला आयुष्यभर खऱ्याचीच हौस.” त्यांनी ताट खाली ठेवलं. “मी तेव्हा चार वर्षांची होते. मला तिचा आवाज आठवत नाही. म्हणजे जगात आता कुणालाच माहीत नाही तो कसा होता. आणि तुझ्या मशीनमधून तो किनरा निघाला, तर ती उरलेले दिवस भिलाईत ते मांजर घेऊन बसेल. तू सून आहेस म्हणून हात जोडत नाही, पण हात जोडल्यासारखंच समज.”

मी पुढचं भांडं पुसायला घेतलं. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, आणि मावशींचंही.

नवरात्राच्या सुरुवातीला तिसरी जोडी आली. आमच्याकडे पूर्वी तंबूतला सिनेमा यायचा. त्याचा मालक आता भुसार माल विकत होता. त्याच्या गोदामात पोत्यांमागे प्रोजेक्टरचा अॅम्प्लिफायर पडून होता, त्यातले हे व्हॉल्व्ह. आपल्याच देशात बनलेले, काचेवरचा छाप अर्धा पुसलेला. मला फारशी आशा नव्हती. पण रविवारी मावशींनी डोळे मिटून पेटी ऐकली, आणि मधल्या सप्तकात एके ठिकाणी त्यांच्या ओठांना कोपऱ्यात हसू फुटलं. मलाही ऐकू आलं. एक सूर, सर्दी झालेल्या माणसाने ‘हो’ म्हणावं तसा.

“हे आमचे बाबा,” मावशी म्हणाल्या. “दिसायला काळं आहे, कपडे फाटके आहेत, पण स्थळ खरं आहे. ठरलं. दसऱ्याला वाजवू.”

तिकडे स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरात आपटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मशीन उघडून साफसफाई केली. सगळे व्हॉल्व्ह उपटून, तिन्ही जोड्या एका धुतलेल्या पंचावर ओळीने निजवून ठेवल्या आणि शाळेत सहामाहीच्या पेपरांना पळाले. आल्यावर लाइट गेलेली, कंदिलाच्या उजेडात तशीच तंबूतली जोडी बसवून टाकली.

दसऱ्याला मावशी आल्या. नवं लुगडं, केसात शेवंती. सदानंदही वखार लवकर बंद करून आले होते. मी म्हटलं, आधी पेटी लावू, मशीन तापू दे. सुई टेकवली आणि स्पीकरमधून असा आवाज आला की वाटावं, कढईत लाह्या फुटतायत. फट्, फट्, फट्. मधेच फुस्स. पेटी कुठेतरी त्या लाह्यांखाली दबलेली.

“सिनेमातला व्हॉल्व्ह आहे, दंगल आठवली असेल त्याला,” सदानंद म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितल्यावर ते सोनं वाटायला निघून गेले.

मी जर्मन जोडी बसवली. लाह्या. रशियन बसवली. लाह्या, वर टंण्ण. मावशींनी शेवंतीचं फूल केसातून काढून टेबलावर ठेवलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्याचीच इच्छा दिसत नाही.”

“कुणाची?”

“वरच्याची म्हण, नाहीतर बाबांची.”

तिन्ही जोड्या एकाच दिवशी बिघडणं शक्य नाही, हे नववीतली पोरगीही सांगेल. म्हणजे दोष मशीनमध्ये. दिवाळीची सुट्टी लागली तशी मी चकलीच्या पिठाचे हात धुऊन मशीनला भिडले. आतला एकेक भाग बदलला. तारा नव्याने जोडल्या. ट्रान्सफॉर्मर लांब नेऊन ठेवला. रेकॉर्डची सुई बदलली. लाह्या काही थांबेनात. फराळाचं सामान आणि सोल्डरची तार एकाच टेबलावर. ह्यांनी एकदा चिवड्यात शोधून शोधून एक स्क्रू दाखवला आणि विचारलं, हा नवीन मसाला कुठला? मला हसू आलं नाही. मावशी रविवारी यायच्या बंद झाल्या होत्या. तुळशीच्या लग्नाची तयारी आळीत सुरू झाली होती, आणि जावई भिलाईहून निघाल्याचं कळलं होतं. मी मनातून पार खचले होते. एवढं शिकले, आणि एका म्हातारीला तीन मिनिटांचं गाणं ऐकवता येत नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी उन्हात ओट्यावर बसून शेवटचा उपाय म्हणून व्हॉल्व्हच्या तळाच्या काड्या पांढऱ्या रुमालाने पुसत होते. व्हॉल्व्हच्या खाली धातूच्या बारीक काड्या असतात, त्या खोबणीतल्या भोकांत बसतात. रुमाल बघितला तर त्यावर लाल ठिपका. मला वाटलं बोट कापलं. बोट धड होतं. दुसरा व्हॉल्व्ह पुसला. लाल, आणि शेजारी पिवळं.

मी मशीन उन्हात आणलं, खोबणीत डोकावले. प्रत्येक भोकात वाळलेलं हळदकुंकू.

“आई,” मी हाक मारली. “खंडेनवमीला मशीनची पूजा कुणी केली?”

“मी केली,” सासूबाई आतून म्हणाल्या. “का गं?”

“कशी केलीत?”

त्या हात पुसत बाहेर आल्या. “कशी म्हणजे? वखारीतल्या करवतींना कुंकू लागलं, पटाशीला लागलं, माझ्या विळीला लागलं. तुझंच हत्यार तेवढं उपाशी ठेवायचं का? पंचावर सगळी देवासारखी मांडून गेली होतीस. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलीत.”

“लावलंत कुठे?”

“पायांना. नमस्कार करायचा तर पायांनाच लावणार ना? बारीक बारीक पाय आहेत त्यांचे. गंध कालवून काडीने एकेकाला लावलं, हळद आणि कुंकू. आणि ते जिथे उभे राहतात तिथेही. उंबऱ्याला लावतात तसं.”

मी कपाळावर हात मारून घेतला, मग हसायला लागले ते थांबेचना. तिन्ही जोड्यांची साग्रसंगीत पाद्यपूजा झाली होती. मग कुठलीही बसवा, कुंकवाच्या थरातून वीज ठेचकाळतच जाणार.

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. “माझ्यामुळे झालं होय हे?”

“अहो, होतं असं.”

“मी काय मागितलं होतं माहीतय देवाकडे?” त्या ओट्यावर बसल्या. “म्हटलं, अक्काचा आवाज चांगला निघू दे. आणि मीच बंद पाडला.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या हातात जुना टूथब्रश दिला आणि स्पिरिटची बाटली उघडली. आम्ही सासूसुनांनी मिळून एकेका देवाचे पाय घासले. त्यांना इतक्या नेटाने भांडी घासतानाही मी पाहिलं नव्हतं. पाय वाळले, खोबणी वाळली. सदानंद मावशींना आणायला गेले.

मग मी एकटीच मशीनसमोर बसले. एका हाताशी जर्मन जोडी, दुसऱ्या हाताशी तंबूतली. सासूबाई दारात उभ्या होत्या. आता काही सांगत नव्हत्या, पण सांगून झालेलं होतंच. मी जर्मन उचलला. खरं सांगते, खोबणीपर्यंत नेला. कुणाला कळणार होतं? आणि मग वाटलं, मावशींना आधी पेटी ऐकवायचीय. निषाद सरळ आला की त्या बाईला सगळं कळेल, आणि त्या काही बोलणारही नाहीत. गाणं ऐकतील, छान म्हणतील, चहा घेतील आणि भिलाईला जातील. ते मला सोसणार नव्हतं. मी जर्मन पंचावर ठेवला आणि फाटक्या कपड्यांचं स्थळ बसवलं.

मावशी आल्या. रोजचं लुगडं, केसात काही नाही. सासूबाई त्यांच्या खुर्चीला खेटून जमिनीवर बसल्या आणि त्यांनी मावशींचा हात धरला.

पेटी सुरू झाली. लाह्या नाहीत. मधल्या सप्तकात तो सूर आला, सर्दी झालेला.

“हं,” मावशी म्हणाल्या. “फिरव.”

मी रेकॉर्ड पालथी केली. सदानंदनी सुई टेकवली. आधी नुसती खरखर, मग पेटीचे चार सूर, आणि मग एक मुलगी गायला लागली.

मी मावशींकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी व्हॉल्व्हकडे बघत राहिले. आवाज बारीक होता. वर गेला की आणखी बारीक व्हायचा, सुईच्या टोकासारखा. ती फार घाबरलेली होती, दुसऱ्या ओळीला श्वास अपुरा पडला. मग सावरली. अंतऱ्याला ती उंच सुरावर गेली आणि तिथे थांबली, न हलता, आणि खाली पेटी तिला धरून होती. तीन मिनिटांनी सुई आतल्या रेघेत घसरली. कुणीच उठलं नाही.

“किनराच आहे गं,” मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी मान खाली घातली. मला त्या क्षणी ते दोन्ही व्हॉल्व्ह उपटून रस्त्यावर फेकावेसे वाटले.

“पण उज्ज्वला,” मावशी पुढे म्हणाल्या, “काय सुरात आहे ही पोरगी.”

मी वर बघितलं. त्या रडत नव्हत्या. वर्गात नवीन आलेल्या मुलीचं पहिलंच गणित बरोबर निघालं की बाईंचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

“वर गेली, कुठे केसभर हलली नाही. कुणी शिकवलं असेल तिला? बाबा आणि बाबांची ती नाकातली पेटी. किनरा होता, बरोबर. सासरे खोटं नव्हते बोलले. पण हे मला कुणी सांगितलंच नाही. एवढा सुरात होता, हे कुणीच नाही सांगितलं.”

“अक्का, परत लावू?” सासूबाईंनी विचारलं.

“एकदाच म्हटलं होतं.” मावशी उठल्या, मशीनपाशी आल्या आणि व्हॉल्व्हकडे वाकून बघितलं. “तू जर्मन घातला असतास, तर माझा आवाज गोड वाटला असता. मग मी म्हटलं असतं, सगळी मशीनची करामत. सूरसुद्धा त्याचाच म्हटला असता. किनरेपणासकट ऐकला म्हणून विश्वास बसला.” मग सदानंदकडे वळून म्हणाल्या, “एकदाच म्हटलं होतं ते राहू दे. परत लाव.”

आम्ही चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी त्या खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरत होत्या.

संध्याकाळी आमच्या अंगणात आळीची तुळस. ऊस बांधलेले, चिंचा-आवळे मांडलेले, पोरीबाळी अक्षता घेऊन उभ्या. अंतरपाटाचं एक टोक सासूबाईंकडे, दुसरं सदानंदकडे. मंगलाष्टकं दरवर्षी गोसावी मास्तर म्हणायचे, आणि दरवर्षी आळी ती सहन करायची. पहिलं कडवं त्यांनी अशा सुरात म्हटलं की समोरच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. दुसऱ्या कडव्यासाठी त्यांनी श्वास घेतला, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उचललं.

बारीक आवाज. म्हातारा झालेला, कडेला थोडा चिरलेला. पण तोच. सुईच्या टोकासारखा आणि जागच्या जागी. मास्तरांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पोरांनी अक्षता टाकायच्या थांबवल्या. इतकी वर्षं नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या अंबूमावशी डोळे मिटून, मान किंचित वर करून गात होत्या. भिलाईचे जावई बॅग हातात घेऊन फाटकातच उभे राहिले होते.

“कोण आहेत हो ह्या?” शेजारच्या नव्या भाडेकरीण बाईंनी मला हळूच विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनी अंतरपाटाआडून सांगितलं, “माझी बहीण आहे. रेकॉर्ड आहे तिची.”

कडव्यामागून कडवं झालं. शेवटचं ‘सावधान’ आलं, अंतरपाट खाली घ्यायची वेळ झाली. पण सासूबाईंनी हात काही खाली केले नाहीत. सदानंदनी त्यांना खूण केली, मास्तरांनी घसा खाकरला.

“थांबा जरा,” सासूबाई म्हणाल्या. “अक्का, अजून एक म्हण की.”

आणि मावशींनी म्हटलं. त्या वर्षी तुळशीचं लग्न लागायला बराच उशीर झाला. कुणाची काही तक्रार नव्हती.